कॅप्टन लॅथ्रॉप कोणत्या दिशेनं गेले

नॉर्थ एल्डनच्या इतिहास मंडळानं लेनर्ड ग्रॅबोव्स्कीचा सभासदत्वाचा अर्ज तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती. जाड दुधी कागद, शाईच्या पेनानं लिहिलेलं वळणदार अक्षर. माणसाचा अपमान करायला इतका भारी कागद वापरण्याची रीत आता फक्त जुन्या घराण्यांतच उरली आहे. चिठ्ठीत लिहिलं होतं की अर्जदाराचा उत्साह स्तुत्य आहे, परंतु मंडळाचं सभासदत्व अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीपासून गावात नांदणाऱ्या घराण्यांपुरतं आहे. ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मात्र अर्जदाराची मदत झाली, तर मंडळ आभारी राहील. खाली सही होती: एलियट लॅथ्रॉप, अध्यक्ष.

लेनर्डनं ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोनदा वाचली.

"एकतीस वर्षं," तो बायकोला म्हणाला. "एकतीस वर्षं मी या गावाचं पाणी मोजलं, डोलोरेस. आणि हा मला खोकी उचलायला बोलावतोय."

"मग जा की," बटाटे सोलता सोलता डोलोरेस म्हणाली. "तेवढीच हालचाल. निवृत्त झाल्यापासून खुर्चीला तुझा आकार आलाय."

लेनर्ड पाणीखात्याचा मुख्य मीटर-निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता, आणि त्यातला 'मुख्य' हा शब्द तो अजूनही ओळख करून देताना जरा थांबून उच्चारत असे. लोक झोपताना कादंबरी वाचतात, हा नियमावली वाचायचा. मंडळाची अठरा पानांची नियमावली त्याला तोंडपाठ होती, आणि त्या रात्री जेवता जेवता त्याला तिच्यातलं एक कलम आठवलं: 'संग्रहात मोलाची भर घालणाऱ्या व्यक्तीस पूर्वजांची अट शिथिल करता येईल.'

आता हा संग्रह काय होता, तर ग्रंथालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि एक मोठं काचेचं कपाट. त्यात लॅथ्रॉपांच्या पणजीची फणी, लॅथ्रॉपांच्या काकांची तपकिरीची डबी, लॅथ्रॉपांच्या कुत्र्याचा पट्टा. आणि मधोमध, मखमलीवर, कॅप्टन जेडिडाया लॅथ्रॉप यांची तलवार. अडीचशे वर्षांपूर्वी या कॅप्टननं बावीस गावकऱ्यांना घेऊन स्टॉडर्डांच्या शेतातल्या दगडी भिंतीआड दोनशे इंग्रजांना सत्तेचाळीस मिनिटं रोखून धरलं होतं. सत्तेचाळीस हा आकडा कुणी घड्याळ लावून काढला, असं विचारण्याची गावात पद्धत नव्हती. चौकात त्यांचा पुतळा होता, तलवार उगारलेला. कबुतरांनी त्याचा योग्य तो सन्मान चालवला होता.

त्या शेतातून एखादी गोळी, एखादं बक्कल काढून कपाटात ठेवायचं आणि लॅथ्रॉपच्या नाकावर टिच्चून सभासद व्हायचं, असा लेनर्डचा बेत. त्यानं मेटल डिटेक्टर मागवला. तेवढ्या पैशांत नवा ओव्हन आला असता, हे डोलोरेसनं पहिल्या आठवड्यात फक्त चार वेळा सांगितलं.

कुंपणापलीकडे अर्नी फोर्टिन राहत असे. जगातली प्रत्येक गोष्ट त्यानं एकदा एका दुपारी करून पाहिली होती आणि त्यावरचं त्याचं मत त्या दुपारपासून बदललेलं नव्हतं.

"लेन्या, यंत्र राहू दे बाजूला. आधी बूट घे," अर्नी म्हणाला. "पुढे पोलाद भरलेले. शेतात फावडं पायावर पडलं की अंगठा गेलाच समज. माझ्या मेहुण्याचा गेला."

"मेहुण्याचा अंगठा मासेमारीत गेला म्हणाला होतास."

"तो दुसरा मेहुणा."

लेनर्डनं पोलादी बूट घेतले आणि सरावासाठी घरामागच्या हिरवळीवर उतरला. यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबेचना. डावीकडे नेलं तरी ओरडायचं, उजवीकडे नेलं तरी ओरडायचं. लेनर्डला वाटलं, आपल्याच अंगणात इंग्रजांचं अख्खं दारूगोळ्याचं कोठार पुरलेलं आहे. दोन दिवसांत त्यानं नऊ खड्डे खणले आणि दहाव्या खड्ड्यात फावडं थेट स्प्रिंकलरच्या नळीत घातलं. पाण्याचा फवारा अर्नीच्या छपरापर्यंत उडाला. अर्नीनं शेजारधर्म म्हणून पाणीखात्याला फोन केला, आणि मग शेजारधर्म म्हणूनच गल्लीतल्या बाकीच्यांना.

खात्याची पिवळी गाडी आली. तिच्यातून लेनर्डच्या हाताखाली बारा वर्षं काढलेला माणूस उतरला, भिजलेल्या साहेबांकडे बघून त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, खणायच्या आधी खात्याला कळवावं, असं स्टिकर तुम्हीच छापून घेतलं होतं. आमच्या सगळ्यांच्या फ्रीजवर आहे."

माणसानं तोंड वळवून रागानं घरात जावं, तर अशा वेळी बुटांत पाणी भरलेलं असतं आणि पावलागणिक पचपच आवाज होतो. लेनर्ड तसाच पचपचत आत गेला. डोलोरेस खिडकीतून दोन दिवस सगळं पाहत होती.

"ते यंत्र पायाजवळ आलं की ओरडतं," ती म्हणाली.

"त्याच्या शास्त्रात तुला काय कळतंय?"

"शास्त्रातलं नाही कळत. बूट काढ."

लेनर्डनं बूट काढले. मोजे घालून, मुख्य मीटर-निरीक्षक, हिरवळीभर फिरला. यंत्र चूप. दहा खड्डे त्याच्याकडे तोंड वासून बघत होते.

मिसेस आल्थिया स्टॉडर्ड ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, विधवा होत्या, आणि चाळीस एकरांचं मक्याचं शेत एका तापट ट्रॅक्टरच्या मदतीनं चालवत होत्या. त्या कुणाला शेतात पाऊल टाकू देत नाहीत अशी त्यांची ख्याती. लेनर्ड टाय लावून गेला. बाई कोठाराच्या दारात भोपळे रचत होत्या.

"तू मीटरवाला ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "माझी विहीर आहे. चालू लाग."

"मी संशोधनासाठी आलोय, मिसेस स्टॉडर्ड. ऐतिहासिक."

"लॅथ्रॉपनं पाठवलंय?"

"लॅथ्रॉपनं मला तीनदा परत पाठवलंय."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचं आणि लॅथ्रॉपांचं एक जुनं भांडण होतं. एलियटच्या वडिलांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी शेताची ती दगडी भिंत पवित्र म्हणून जाहीर करून घेतली होती, तिचा एक धोंडाही हलवायचा नाही. त्यामुळे फाटक रुंद करता येईना, आणि मका कापायचं यंत्र तेव्हापासून अर्धा मैल वळसा घालून शेतात शिरत होतं. बाईंनी त्या प्रत्येक फेरीला लॅथ्रॉपांच्या एकेका पिढीचा उद्धार केला होता. आता पिढ्या संपून त्या दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झाल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "पण यंत्र जिथं वाजेल तिथलं सगळं काढायचं. लोखंड, तार, खिळे, सगळं. माझ्या यंत्राचं पातं दर वर्षी मोडतं. शेत साफ झालं पाहिजे. आणि जमिनीतून निघेल ते जमीनमालकाचं. कायदा आहे तो."

"अर्थात," लेनर्ड म्हणाला. त्यानंही कायदा वाचला होता. बाईंनी वाचला नसेल अशी त्याला आतापर्यंत आशा होती.

बाईंची परवानगी मिळाली, पण गावाची राहिली. शेत कायम शेतच ठेवण्याचा करार नगरपालिकेशी झालेला, म्हणून खणायला अर्ज. शेताच्या टोकाला दलदल, म्हणून पाणथळ जागांच्या समितीचा वेगळा अर्ज. त्यात चौदा प्रश्न होते. अकरावा प्रश्न असा की, 'हलवल्या जाणाऱ्या मातीचं आकारमान, ती परत जागी ठेवण्याचा क्रम व त्या काळातील हवामान नमूद करावं.' हा कोणा मूर्खानं घातला, म्हणून लेनर्डनं टेबलावर मूठ आपटली, आणि मग त्याला आठवलं. वीस वर्षांपूर्वी एका पोहण्याच्या तलाववाल्याला छळण्यासाठी तो त्यानंच घातला होता, आणि तेव्हा फार खूश होऊन डोलोरेसला जेवायला बाहेर नेलं होतं.

समितीचे अध्यक्ष एलियट लॅथ्रॉपच होते. गावात एकूण सात समित्या, आणि लॅथ्रॉप सातही समित्यांचे अध्यक्ष. आठवी निघाली नव्हती ती केवळ त्यांना मंगळवारी दातांचा डॉक्टर असे म्हणून. बैठकीत दीड तास एकाच मुद्द्यावर चर्चा झाली: दलदलीतल्या ठिपकेवाल्या सॅलमँडरला यंत्राच्या आवाजाचा त्रास होईल का? पालीसारख्या दिसणाऱ्या या प्राण्याला कान असतात का, इथपासून सुरुवात. एका सभासद बाईंनी कान नसले तरी भावना असू शकतात असं निदर्शनास आणलं. शेवटी अर्जदारानं यंत्राला हेडफोन लावून आवाज स्वतःच ऐकावा, असा ठराव झाला.

लॅथ्रॉपांनी परवानगी मात्र खुशीनं दिली. ऑक्टोबरात लढाईला अडीचशे वर्षं पूर्ण व्हायची होती, मिरवणूक निघायची होती, आणि बाईंमुळे त्या शेतात आजवर कुणालाच जाता आलं नव्हतं. "मिस्टर ग्रॅबोव्स्की," ते निळ्या डोळ्यांनी लेनर्डच्या जरा वरून बघत म्हणाले, "कॅप्टनसाहेबांच्या शौर्याचा एखादा पुरावा आपल्या हाती लागला, तर मंडळ आपल्या अर्जाकडे... अं... सहानुभूतीनं बघेल."

लेनर्ड घरी शीळ घालत आला.

मका कापून झाला होता. उघड्या शेतात वीतभर सड उभे, आणि त्यातून साध्या रबरी बुटांत, कानाला हेडफोन लावून, सॅलमँडरांचं मन सांभाळत लेनर्ड फिरायचा. पहिला आठवडा निव्वळ हमाली. नांगराचे फाळ निघाले, साखळ्या निघाल्या, दाताळ्याचे दात निघाले, एक अख्खी ट्रॅक्टरची बैठक निघाली. संध्याकाळी तो सगळं हातगाडीवर घालून कोठारात न्यायचा आणि बाई ते पायानं उलटंपालटं करून म्हणायच्या, "उद्या त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात बघ." रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या हळू करायचे. अर्नीनं सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की लेन्यानं भंगाराचा धंदा टाकलाय.

पश्चिमेच्या कोपऱ्यात, एका जुन्या ओकच्या झाडाखाली, यंत्र वेडं झालं. निघाल्या त्या बिअरच्या डब्यांच्या जुन्या कड्या, बोटात घालून ओढायच्या. शेकड्यांनी. लेनर्ड बादली भरून घेऊन गेला.

बाई बराच वेळ बादलीत बघत राहिल्या. "ओकखाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"होमर रोज तिथं पाऊस मोजायला जायचा," त्या म्हणाल्या. होमर म्हणजे त्यांचे दिवंगत पती, चर्चच्या दारूबंदी शाखेचे चिटणीस. "तेवीस वर्षं. कोरड्या दिवसातही जायचा. मी म्हणायचे, काय कामसू माणूस आहे." त्यांनी एक कडी उचलली, बोटात अंगठीसारखी घालून पाहिली आणि परत बादलीत टाकली. मग म्हणाल्या, "जमीन काही पचवत नाही बघ. उद्या भिंतीपाशी लाग."

भिंतीपाशी लेनर्डनं तीन दिवस घालवले. सत्तेचाळीस मिनिटांची लढाई झाली असेल, तर भिंतीच्या दगडांत, आसपासच्या मातीत चपट्या झालेल्या शिशाच्या गोळ्यांचा खच असायला हवा. बंदुकीतून सुटलेली गोळी कशावर तरी आदळते आणि पुरीसारखी चपटी होते, हे लेनर्ड पुस्तकात वाचून आला होता. खच सोडाच, एकही निघाली नाही.

पण भिंतीपासून वीस पावलांवर एक गोळी निघाली. गोल गरगरीत, साच्यातून काढल्यासारखी. लेनर्ड मातीत गुडघ्यावर बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अडीचशे वर्षांनी त्या गोळीला हात लावणारा पहिला माणूस आपण, ग्रॅबोव्स्की! त्यानं पाणीखात्यातून निवृत्त होताना आणलेल्या निळ्या झेंड्यांपैकी एक तिथं खोचला. पुढे दहा पावलांवर आणखी तीन, तशाच गोल. मग गोळ्यांच्या पिशवीचं पितळी बक्कल. मग एका जागी मूठभर गोळ्या, ओतून टाकल्यासारख्या. मग बुटाचं एक बक्कल, एकाच पायाचं. चार दिवसांत निळ्या झेंड्यांची एक सरळ रांग शेतातून उताराला लागली, आणि पाचव्या दिवशी, दलदलीच्या अगदी काठाला, बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे, यंत्रानं असा सूर लावला की लेनर्डनं हेडफोन फेकून दिले. सॅलमँडरांचं काय व्हायचं ते होवो.

तलवारीची पितळी मूठ होती. पातं गंजून गेलेलं. मुठीवरची माती त्यानं थुंकी लावून पुसली. खाली अक्षरं कोरलेली होती: जे. लॅथ्रॉप.

अर्नी रस्त्याकडेला गाडी लावून भिंतीवर कोपर टेकून उभा होता. त्यानं झेंड्यांची रांग वरून खालपर्यंत बघितली.

"लेन्या," तो ओरडला, "हे तर पळालेत की रे!"

"तुला लढाईतलं काय कळतंय?"

"मी एकदा सैन्यात होतो."

"एक दुपार?"

"दोन वर्षं स्वयंपाकी होतो. पण ओझं टाकत टाकत पळणारी माणसं मी पाहिलीत. मीही होतो त्यांच्यात. आधी जड सामान टाकतात, मग बुटांची फिकीर सुटते." अर्नीनं दलदलीकडे बोट दाखवलं. "आणि सगळ्यात पुढे साहेब असतो."

आयुष्यात पहिल्यांदाच अर्नीचं मत बरोबर निघालं होतं, आणि त्यासाठी त्यानं नेमका हाच दिवस निवडला होता. लेनर्ड हातात मूठ घेऊन उभा राहिला. इंग्रज रस्त्यानं आले आणि रस्त्यानंच गेले, हे तर गावच्या इतिहासातही लिहिलेलं होतं. दलदलीत त्यांचं काहीच काम नव्हतं. त्यांचं एक बटणसुद्धा शेतात निघालं नव्हतं. आणि कपाटात मखमलीवर झोपलेली ती तलवार मग कुणाची?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एलियट लॅथ्रॉप लेनर्डच्या घरी आले. लॅथ्रॉप घराण्यातला माणूस त्या गल्लीत येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे समोरच्या तीन घरांचे पडदे हलले. लेनर्डनं स्वयंपाकघराच्या टेबलावर झेंड्यांचा स्वतः काढलेला नकाशा पसरला होता, भिंतीपासून दलदलीकडे बाण आणि त्यावर 'माघार'. लॅथ्रॉपांनी तो बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. दुसरा कोणी असता तर त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला असता. लॅथ्रॉपांच्या चेहऱ्यावर मुळात रंग नव्हता.

"पाठलाग," ते शेवटी म्हणाले. "कॅप्टनसाहेबांनी शत्रूचा दलदलीपर्यंत पाठलाग केला. हे तर फारच मोलाचं आहे, मिस्टर ग्रॅबोव्स्की. फक्त आपला हा बाण... याला जरा वेगळा अर्थ देता येईल. 'माघार' ऐवजी 'चढाई' लिहिलं की झालं."

"पाठलाग करताना गोळ्या का टाकल्या?" डोलोरेसनं कॉफी ठेवता ठेवता विचारलं.

"ओझं कमी करायला. वेग यावा म्हणून."

"आणि शत्रू सापडला की मारणार कशानं?"

लॅथ्रॉपांनी या प्रश्नाकडे सभ्यपणे दुर्लक्ष केलं. "समारंभात आपलं सभासदत्व मी स्वतः जाहीर करीन," ते म्हणाले. "व्यासपीठावर."

आणि लेनर्ड ग्रॅबोव्स्की, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतली खाडाखोड पकडली, त्यानं ड्रॉवरमधून खोडरबर काढला. बायकोसमोर. शब्द खोडला, 'चढाई' लिहिलं, वर फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि विचारलं, "व्यासपीठावर टाय लावायचा की बो?"

पाहुणे गेल्यावर डोलोरेस टेबलापाशी आली. तिनं लेनर्डची कॉफी उचलली, मोरीत ओतली आणि झोपायला गेली. बायको टोमणा मारत नाही तेव्हा परिस्थिती गंभीर असते, एवढं छत्तीस वर्षांच्या संसारात लेनर्डला कळलेलं होतं.

वस्तू बाईंच्या मालकीच्या, म्हणून मंडळाला भेट देण्याच्या कागदावर त्यांची सही हवी होती. लेनर्ड सकाळीच गेला. बाईंनी कागद वाचला, नकाशा वाचला, आणि त्याला बाहीला धरून थेट भिंतीपाशी नेऊन उभं केलं. शेतात निळे झेंडे फडफडत होते.

"मीटरवाल्या, एकतीस वर्षांत कुणाचं मीटर खोटं लिहिलंस?"

"कधीच नाही," लेनर्ड जरा घुश्श्यातच म्हणाला. "पाद्रीबाबांनी अख्खा केक पाठवला होता. केक खाल्ला. आकडा होता तोच लिहिला."

"मग वाच."

"काय?"

"हे. समोर लावलेलं आहे. तूच लावलंयस. वाच आणि सांग."

लेनर्डनं बघितलं. व्यासपीठ डोळ्यांपुढे आलं. लॅथ्रॉप हात पुढे करताहेत, बँड वाजतोय, अर्नी मागच्या रांगेत उभा. मग झेंडे दिसले. एक गोळी, मग तीन, बक्कल, मूठभर गोळ्या, एका पायाचं बक्कल, तलवार. त्यातलं काहीही वेगळं वाचताच येत नव्हतं. बरीच वर्षं एकच काम केलेल्या माणसाचं असं होतं. त्याचे डोळे त्याच्याहून प्रामाणिक निघतात.

"भिंतीपासून दलदलीकडे," तो म्हणाला. "एकही गोळी न झाडता. कॅप्टन सगळ्यांच्या पुढे."

"आणि ती कपाटातली तलवार?"

"लॅथ्रॉप म्हणतात, त्यांच्याकडे दोन असतील."

"असतील," बाई म्हणाल्या. "एक पळायची, एक पुतळ्याची." आणि त्यांनी भेटीच्या कागदाची घडी घालून ती शेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या डुगडुगणाऱ्या बैठकीखाली सरकवली.

समारंभाच्या दिवशी मिरवणूक चौकातून निघाली. पुढे बँड, मागे जुन्या वेशातले पन्नास लोक खोट्या बंदुका घेऊन, आणि सर्वांत पुढे तीनकोनी टोपी, पांढऱ्या केसांचा टोप आणि तंग विजार घातलेले एलियट लॅथ्रॉप. भिंतीपाशी येऊन सलामी द्यायची असा कार्यक्रम. पण भिंतीच्या अलीकडेच, रस्त्याला लागून, बाईंनी भोपळ्यांचं दुकान मांडलं होतं. फळीवर भोपळे, भोपळ्यांच्या मधोमध एका जुन्या टेबलक्लॉथवर गोळ्या, बक्कलं आणि ती मूठ, आणि वर दाराएवढा पांढरा फळा:

'कॅप्टन लॅथ्रॉप इथून पळाले. निळ्या झेंड्यांनी जावं. शोधक: एल. ग्रॅबोव्स्की. भोपळे पाच डॉलर.'

बँड आधी बेसूर झाला, मग थांबला. तुतारीवाल्यानंच फळा पहिला वाचला होता. मग एक खसखस पिकली, आणि बघता बघता अख्खी मिरवणूक, जुन्या वेशातल्या पन्नास वीरांसकट, निळ्या झेंड्यांच्या रांगेनं दलदलीकडे उतरायला लागली. इतक्या उत्साहानं त्या उतारावरून गेल्या अडीचशे वर्षांत कुणी गेलं नसेल. अर्नी पुढे होऊन सगळ्यांना समजावून सांगत होता की हा शोध मुळात त्याचाच आहे.

लेनर्ड फळ्याखाली खुर्चीवर बसला होता, टाय लावून. गेले तीन दिवस त्यानं लॅथ्रॉपांना ऐकवायला एक वाक्य तयार केलं होतं. त्यात 'दुधी कागद' होता, 'पुस्तकविक्री' होती आणि शेवटी एक फार झोंबणारं क्रियापद होतं. लॅथ्रॉप एकटेच चालत आले. टोप कानावर घसरला होता. त्यांनी फळा वाचला. मग ते वाकून त्या मुठीकडे बघत राहिले, आणि त्यांनी हळूच एक बोट त्या कोरलेल्या अक्षरांवरून फिरवलं.

"ते तेव्हा तेवीस वर्षांचे होते," ते म्हणाले. "लग्न व्हायचं होतं. पुढच्या वसंतात झालं. अकरा मुलं झाली." त्यांनी बोट मागे घेतलं. "थांबले असते, तर आम्ही कोणीच नसतो."

"मग पळण्याचाच पुतळा हवा होता," मिसेस स्टॉडर्ड म्हणाल्या. "भोपळा घेणार का नुसता हात लावणार?"

लॅथ्रॉपांनी भोपळा घेतला, चांगला मोठा. तंग विजारीला खिसे नव्हते, तेव्हा पैसे टोपीतून काढले, आणि टोपीबरोबर टोपही निघाला. कमरेला तलवार, एका हातात टोपी, दुसऱ्यात टोप, त्यामुळे भोपळा धरवेना. लेनर्ड उठला आणि त्यानं तो उचलून रस्त्याकडेला आणून ठेवलेल्या त्यांच्या गाडीपर्यंत नेला. ते क्रियापद घशापर्यंत आलं होतं, पण तंग विजार घातलेल्या, टक्कल पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते ऐकवण्यात काही मजा नव्हती.

गाडीपाशी लॅथ्रॉप थांबले. "ग्रॅबोव्स्की," ते म्हणाले. मिस्टर राहून गेलं होतं. "आपले आजोबा इथं कसे आले?"

हा प्रश्न मंडळाच्या अठरा पानांत कुठेही नव्हता.

"पळून," लेनर्ड म्हणाला. "झारच्या सैन्यात भरतीचं बोलावणं आलं होतं. त्याच रात्री निघाले. आजी सांगायची, एक बूट घरीच राहिला."

लॅथ्रॉपांनी त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ, डोळ्यांच्या पातळीवर बघितलं. "किती लांब पळाले?"

"पोलंडपासून इथपर्यंत. समुद्र ओलांडून."

लॅथ्रॉपांनी वळून त्या उताराकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं, खाली दलदलीच्या काठाला थबकलेल्या गर्दीकडे पाहिलं. भिंतीपासून तिथपर्यंत जेमतेम तीनशे पावलं होती.

"आमचे इतकेच," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"चालायचंच," लेनर्ड म्हणाला, आणि पूर्वजांच्या बाबतीत मोठ्या घराण्यातली माणसं लहान घराण्यातल्या माणसांशी ज्या सहानुभूतीनं बोलतात, अगदी त्याच सहानुभूतीनं त्यानं लॅथ्रॉपांच्या भोपळ्याला सीटबेल्ट लावला.